आईला ३० पैकी २०, सासऱ्यांना २८. काळजी नक्की कोणाची करू?

कृष्णाकाठची:

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघाने स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई (७४) माझ्याकडेच आहे, म्हणून तिला आणि सासऱ्यांना (७८) दोघांनाही नेलं. ३० गुणांची एमएमएसई चाचणी होती. आईच्या कागदावर 'गुण २४ पेक्षा कमी, पुढील तपासणी करावी' असा शेरा. अप्पा 'नॉर्मल'.

आता आईचे गुण कुठे गेले ते बघा. ती दुसरीपर्यंत शिकलेली, सही येते, बाकी जन्मभर बाजारात भाजी विकली. तारीख विचारली तर म्हणते, "तारीख कोण लक्षात ठेवतंय, उद्या संकष्टी आहे." आणि होतीच. गुण मात्र शून्य. सन सांगता आला नाही. १०० मधून ७ वजा करत जा म्हटल्यावर ९३ म्हणाली आणि थांबली, चार गुण तिथे गेले. 'डोळे मिटा' वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे, हे तिन्ही गेले. पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिली, मला बघवेना. मघाशी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन सांगितले तिने. घरी दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब अजून तोंडी करते, चूक त्याची निघते.

अप्पा गणिताचे शिक्षक, मुख्याध्यापक होऊन निवृत्त. ९३, ८६, ७९, ७२, ६५ घडाघडा. शेवटच्या तीन शब्दांपैकी एकच आठवला, तेवढेच दोन गुण कमी. पण यंदा त्यांनी लाइट बिल दोनदा भरलंय, एकच किस्सा तासाभरात परत सांगतात, आणि बँकेतून येताना भलत्याच गल्लीत शिरले होते. मिस्टर म्हणतात वयोमानाने होतं.

दोघांना एकच आकडा लावणं बरोबर आहे का? आणि बायकांना कमीच गुण पडतात असं तिथे कोणीतरी म्हणालं, ते खरं का?

औदुंबर:

ताई, याच कामात आहे म्हणून लिहितो. ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली, आणि २३-२४ ची रेघ शाळा शिकलेल्या माणसांना धरून आहे. तिथेच पाच शहरांतल्या १८ हजारांवर लोकांचे गुण १९९३ साली प्रसिद्ध झाले. नववी किंवा जास्त शिकलेल्यांचा मधला आकडा २९, पाचवी ते आठवीवाल्यांचा २६, चौथीपर्यंतच्यांचा २२. वयाचाही फरक होता, तरुणांत २९ तर ऐंशीच्या पुढे २५. म्हणजे चौथीपर्यंत शिकलेली निम्मी माणसं २२ किंवा त्याखालीच होती, त्यात सगळ्या वयाची आली. आईंचे २० त्या मानाने दचकण्यासारखे नाहीत.

स्मरणशक्तीचीच दुसरी एक 'मोका' चाचणी आहे, तिच्यात बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. दुसरीवाल्या बाईला एका गुणाने काय होणार! अशांसाठी 'मोका बेसिक' वेगळी आहे. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी एमएमएसईची हिंदी आवृत्ती १९९५ साली आली, तिच्यात वाचायला न लावता 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा' म्हणून डोळे मिटतात, आणि वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं.

खरं सांगू, मला अप्पांची जास्त काळजी वाटते. शिकलेल्या माणसाला ही परीक्षा सोपी जाते, सुरुवातीची घसरण तिच्यात दिसतच नाही. गणित पक्कं, पण तीनातले दोन शब्द पाच मिनिटांत गेले, आणि बिल, किस्से, रस्ता त्याच्याशी जुळतंय. न्यूरोलॉजिस्टला दाखवा. जाण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या.

मोगरा७१:

बायका-पुरुषांचं मी सांगते. त्या पिढीत मुलींना शाळेतून काढून घरकामाला लावायचे, त्यामुळे गुणांतला बराचसा फरक शाळेचा असतो. शिक्षण सारखं असेल तर तो खूप कमी होतो. शब्द लक्षात ठेवण्यात तर बायका साधारण पुढेच असतात, आकृत्या आणि दिशा यांत पुरुष. याची दुसरी बाजू अशी, की शब्दांच्या चाचणीत बाई निभावून नेते आणि आजार उशिरा कळतो.

खडूस_काका:

सगळं बरोबर, पण 'शिकलेली नाही म्हणून गुण कमी' म्हणत आईंना विसरू नका. कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाराही घटक आहे. भारतात साठीपुढच्यांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघालाय, आणि बायकांत प्रमाण जास्त. गुण सोडा, दहा वर्षांपूर्वी जे जमायचं ते आज जमतंय का, हे घरच्यांना विचारायची प्रश्नावली असते, आयक्यू-कोड नावाची. तिच्यावर शिक्षणाचा फारसा परिणाम होत नाही. डॉक्टरांकडे मागा, दोघांसाठीही.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे आभार. आईचं सहा महिन्यांनी परत बघू, तोवर तिच्या कानाचं बघते, हल्ली टीव्ही मोठ्याने लागतो. अप्पांची अडचण वेगळीच आहे. शिबिराचा कागद त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवलाय, आणि दवाखान्याचं नाव काढलं की "२८ मार्क पडलेत, आता काय तिसावं काढायला जाऊ?" असं म्हणतात. अशा माणसाला कोणी कसं नेलं?

मोगरा७१:

आईंना दाखवायचंय, डॉक्टरांशी बोलायला तुम्ही सोबत चला म्हणा. तिथे गेल्यावर 'आलाच आहात तर तुमचंही बघू' हे डॉक्टरांना म्हणू द्या. त्यांना आधी फोनवर सांगून ठेवा.