यंत्र बंद पडेपर्यंत थांबणे ही काटकसर नव्हे

शुद्धवायू

डे-केअर शस्त्रक्रिया केंद्रांच्या खर्चावर ‘कात्री’ यांनी जे लिहिले आहे, ते वाचून गप्प बसवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वार्षिक देखभाल करार हा कंपन्यांचा पैसे उकळण्याचा धंदा आहे, इंजिनिअर येतो, धूळ पुसतो, स्टिकर चिकटवतो आणि जातो. म्हणून लहान केंद्रांनी सगळे करार मोडीत काढावेत, यंत्र बिघडेल तेव्हा दुरुस्त करून घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून नवे यंत्र घ्यावे.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि निरनिराळ्या केंद्रांत भूल द्यायला जातो, त्यामुळे कोणाच्या यंत्रांची काय अवस्था आहे हे पुष्कळदा मालकाआधी मला कळते. ‘बिघडेल तेव्हा बघू’ हे धोरण ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या, स्टुलाला चालेल. भूलयंत्रातला गॅल्व्हॅनिक ऑक्सिजन सेन्सर मात्र यंत्र वापरा किंवा न वापरा, काही काळाने संपतोच. हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या डीफिब्रिलेटरची जुनी झालेली बॅटरी पूर्ण चार्ज दाखवते आणि शॉक देण्याची वेळ आली की मान टाकते. यूपीएसच्या बॅटऱ्यांचेही तेच. यांतले कोणीही आधी तक्रार करत नाही.

मोठ्या रुग्णालयात एक कॉटरी, म्हणजे विजेने ऊती कापून रक्तस्राव थांबवणारे यंत्र, बंद पडली तर शेजारच्या ओटीतून दुसरी ढकलत आणता येते. डे-केअर केंद्रात बहुधा सगळे एकेकच असते. ते एक बंद पडले की रात्रीपासून उपाशी असलेले रुग्ण परत पाठवावे लागतात, सर्जनचा दिवस वाया जातो, आणि हा तोटा दुरुस्तीच्या बिलात कोठेही दिसत नाही. अशाच एका करारमुक्त केंद्रात हर्नियाची शस्त्रक्रिया चालू असताना व्हेंटिलेटर थांबला आणि उरलेला सगळा वेळ मी हाताने बॅग दाबत बसलो. रुग्ण संध्याकाळी सुखरूप घरी गेला, त्यामुळे मालकाच्या हिशेबात ते वर्ष बचतीचेच ठरले.

कात्री

भूलतज्ज्ञ येतात, भूल देतात आणि मानधन घेऊन जातात. करारावर सही आम्हाला करावी लागते, म्हणून थोडे आमचेही ऐकावे. आमच्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या फेको यंत्राचा सीएमसी होता, म्हणजे सुट्या भागांसह सर्वसमावेशक करार. हँडपीस, म्हणजे सर्जन हातात धरतो तो भाग, बंद पडला तेव्हा कळले की हँडपीस, केबल, फूटस्विच आणि बॅटरी करारात येत नाहीत. मग त्या यंत्रात बिघडण्यासारखे उरते काय, पत्र्याची पेटी? ‘चोवीस तासांत प्रतिसाद’ या कलमाचा अर्थही त्याच दिवशी समजला. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणे. इंजिनिअर प्रत्यक्ष कधी येईल, तोवर पर्यायी यंत्र मिळेल का, याबद्दल त्या जाडजूड करारात एक ओळ नव्हती.

शुद्धवायूंचा तो व्हेंटिलेटर करार असता तर थांबला नसता, हे त्यांनी कशावरून ठरवले?

पाना-पेंचिस

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, पूर्वी कंपनीत होतो, आता स्वतंत्र काम करतो. दोघांचेही निम्मे-निम्मे बरोबर आहे, आणि दोघांचे चुकलेले निम्मे एकच आहे : करार म्हणजे देखभाल, असे दोघेही धरून चालले आहेत.

तारीख आली म्हणून चालते यंत्र उघडायचे, ही सवय किती महाग पडते ते वैद्यकाबाहेर फार पूर्वी सिद्ध झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी तपासताना सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाला दिसले, की दर ५० उड्डाण-तासांच्या नियोजित तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू उतरतात. म्हणजे तपासणीच बिघाड पेरत होती. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांवर अहवाल दिला, त्यात ठरावीक वयाला भाग बदलून फायदा होईल असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. अमेरिकेतील मेडिकेअरचा कारभार पाहणाऱ्या सीएमएसनेही डिसेंबर २०१३ मध्ये रुग्णालयांना जोखीम पाहून कंपनीच्या वेळापत्रकापासून दूर जाण्याची मुभा दिली, मात्र लेझर, इमेजिंगची यंत्रे आणि पुरेसा इतिहास नसलेली नवी यंत्रे त्यातून वगळली.

खरा रोग निराळाच आहे. यंत्र तुमचे, जागा तुमची, पण सर्व्हिस मेनूचा पासवर्ड कंपनीचा. नवा सेन्सर बसवायला मला काही मिनिटे लागतात, परंतु तो यंत्राला ‘ओळखून’ देण्यासाठी कंपनीचा लॅपटॉप लागतो. त्या लॅपटॉपच्या भेटीचे जे बिल येते, त्याला देखभाल म्हणायचे का?

शुद्धवायू

नोलन आणि हीप यांचा अहवाल सोयीपुरता वाचला की असे होते. ज्यांचा बिघाड रोजच्या वापरात दिसत नाही, अशा छुप्या कार्यांसाठी बिघाड शोधून काढणारी तपासणी ठरावीक अंतराने करावी, असे तोच अहवाल सांगतो. ऑक्सिजनचा दाब पडल्याची सूचना देणारा अलार्म, डीफिब्रिलेटर, पर्यायी सिलिंडरचा व्हॉल्व्ह, ही सगळी त्याच जातीची कार्ये आहेत. सीएमएसची मुभाही ज्यांच्याकडे जाणकार माणसे आणि बिघाडांच्या नोंदी आहेत त्यांच्यासाठी आहे. लहान केंद्रात यंत्राची वही म्हणजे वॉरंटी कार्डामागे पेन्सिलीने लिहिलेला फोन नंबर.

निर्जंतुक

एका डे-केअर केंद्राची ओटी मी सांभाळते. तिघांनी एवढे लिहिले, पण धुण्याच्या खोलीत कोणी डोकावले नाही. यंत्रे तर तिथेच मरतात.

ऑटोक्लेव्हच्या चेंबरमध्ये तळाशी निचऱ्याची जाळी असते. तिच्यात कापडाचे धागे आणि इंडिकेटर टेपचे तुकडे अडकतात आणि हवा नीट बाहेर पडत नाही. जाळी काढून नळाखाली धरायला फारसा वेळ लागत नाही, तरी ती रोज धुतली जात नाही. आमच्याकडे वाफ सगळीकडे पोहोचते का ते पाहणाऱ्या सकाळच्या बोवी-डिक चाचणीचा कागद कडेने काळा आणि मधोमध फिका निघाला, तेव्हा १३४ अंशांचे तापमान पडद्यावर व्यवस्थित दिसत होते. मी निर्जंतुक करायचे सामान आत जाऊ दिले नाही, तर ‘मशीन तर चालू आहे, सिस्टर’ असे मलाच ऐकवण्यात आले. शेवटी दाराचे गॅस्केट चिरलेले सापडले.

दुसरे, खरेदीच्या वेळी उपकरणांचे संच कमी घ्यायचे आणि शस्त्रक्रियांची यादी मात्र भरगच्च लावायची, हा कोणता हिशेब? दोन केसेसच्या मधे वेळ मिळाला नाही की फेको हँडपीसच्या नळीतून पुरेसे पाणी सोडले जात नाही, आतले व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात तो जेल, सुकते, डिटर्जंटचा अंश राहतो. डोळ्याच्या पुढच्या भागाला विषारी सूज येण्याचे, म्हणजे टासचे, हे माहीत असलेले कारण आहे. २००६ मध्ये उत्तर अमेरिकेत त्याची मोठी साथच आली होती. एंडोस्कोपचेही तसेच. गळतीची चाचणी न करता स्कोप डिटर्जंटमध्ये बुडवला, की बाहेरच्या रबरातल्या एका बारीक छिद्रातून पाणी आत जाते आणि साधी दुरुस्ती पूर्ण फेरबांधणीवर जाते. हे बिल कोणत्याही करारात बसत नाही, कारण त्याला ‘हाताळणीतील निष्काळजीपणा’ म्हणतात. हाताळणाऱ्याला कोणी शिकवले होते, हे कोणी विचारत नाही.

कात्री

सिस्टर, जाळीचे पटले. पण आधी पासवर्डचा विषय संपवू, तो सोडण्यासारखा नाही. आम्ही एका बाहेरच्या माणसाकडून मॉनिटर दुरुस्त करून घेतला. पुढच्या भेटीत कंपनीच्या इंजिनिअरने तो ‘अनधिकृत हाताळणी’ म्हणून नोंदवला आणि उरलेल्या यंत्रांच्या करारावरही अटी घातल्या. ही सरळसरळ खंडणी आहे.

शुद्धवायू

आणि त्या बाहेरच्या माणसाने भुलीच्या औषधाची वाफ मोजून देणारा व्हेपोरायझर उघडला असता तर? डायलवर दोन टक्के आणि नळीत प्रत्यक्ष चार टक्के, असा व्हेपोरायझर मला मिळाला, तर मी कोणाच्या दारात जायचे? पासवर्डमुळे निदान ऐरागैरा आत शिरत नाही.

पाना-पेंचिस

ऐरागैरा म्हणजे मी, असे समजून उत्तर देतो. व्हेपोरायझरचे कॅलिब्रेशन, म्हणजे डायल आणि प्रत्यक्ष प्रमाण जुळवणे, गॅस ॲनालायझरशिवाय करणाऱ्याला मीही दारात उभा करणार नाही, आणि तसा ॲनालायझर नसलेले अधिकृत इंजिनिअरही मी पाहिले आहेत. औषधे व वैद्यकीय उपकरणांचे नियमन करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मे २०१८ मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला. मूळ उत्पादक आणि त्रयस्थ दुरुस्ती करणारे या दोघांपैकी अनेक जण दर्जेदार व सुरक्षित सेवा देतात, आणि त्रयस्थांमुळे सार्वजनिक आरोग्याला व्यापक धोका आहे असा निष्कर्ष काढण्यापुरता पुरावा उपलब्ध नाही, असे त्यात म्हटले आहे.

शुद्धवायू

पुरावा पुरेसा नाही, म्हणजे धोका नाही असे नव्हे. व्यापक धोका आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी ठरवण्यापुरता पुरावा नव्हता, असे त्याच अहवालात आहे. तुम्ही अहवाल अर्धेच का उघडता?

पाना-पेंचिस

तुम्ही यंत्रे अजिबात उघडू देत नाही, म्हणून. गंमत सोडा. ज्या कंपन्या सुरक्षिततेची ढाल पुढे करतात, त्याच काही वर्षांनी पत्र पाठवून त्या यंत्राची दुरुस्ती-सेवा बंद झाल्याचे आणि भाग मिळणार नसल्याचे कळवतात. त्या दिवसापासून यंत्राची सुरक्षितता कोणाकडे असते? सर्व्हिस मॅन्युअल, एरर कोडची यादी आणि कॅलिब्रेशनची कृती, एवढे तरी विकत घेणाऱ्याला मिळालेच पाहिजे. ते मागण्याची वेळ खरेदीच्या सहीआधीची असते. त्यानंतर तुमच्या हातात काहीच उरत नाही. ‘यंत्र फुकट, फक्त दर केसला लागणारे पॅक आमचेच वापरा’ ही योजना स्वीकारणाऱ्यांनी तर दर केसमागे किती जाते त्याचा हिशेब आधीच मांडावा. फुकटचे यंत्र पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

निर्जंतुक

पासवर्ड मिळाला तरी जाळी मीच धुणार, एवढे लक्षात असू द्या.

शुद्धवायू

मॅन्युअल मिळावे, याला माझा विरोध कधीच नव्हता. नाइलाजाने का होईना, तेवढे मान्य करतो. पण ‘कात्री’ यांच्या मूळ मुद्द्याचे काय? सुव्यवस्थित ठिकाणी देखभालीचा वार्षिक खर्च यंत्रांच्या खरेदी किमतीच्या साधारण ५ ते १० टक्के धरतात. तो वाचला असे तुम्ही म्हणता, तेव्हा तो पुढच्या वर्षांवर ढकललेला असतो.

कात्री

सरसकट टक्केवारी लावणे हीच तर कंपन्यांची युक्ती आहे. ओटीचा दिवा, टेबल, सक्शन, कॉटरी यांच्यासाठी पाना-पेंचिसांसारखा माणूस पुरतो. कॉटरीच्या विद्युत-सुरक्षेची तपासणी त्याच्याकडे ती मोजणारे उपकरण असेल तर तोही करू शकतो, आणि दुसरी, जुनी का होईना, कॉटरी कपाटात ठेवणे करारापेक्षा स्वस्त पडते. भूलयंत्र, डीफिब्रिलेटर आणि ऑटोक्लेव्ह यांचे करार ठेवतो, शुद्धवायूंच्या समाधानासाठी. त्यांतही पर्यायी यंत्र आणि प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ लिहून मिळाली तरच. बाकीचे मोडणार म्हणजे मोडणार. आणि एवढी कळकळ असणाऱ्यांनी भूलयंत्राच्या सकाळच्या तपासणीची वहीही भरत जावी. बहुतेक केंद्रांत ती कोरीच असते.

शुद्धवायू

मी माझी सही रोज करतो. दोष सापडल्यावर काय केले हे मालकाने लिहायचा रकाना तिच्याशेजारीच असतो. कोरा तो असतो.

पाना-पेंचिस

त्या दोन रकान्यांची वर्षभराची पाने मला कोणी दिली, तर कोणता करार ठेवायचा हे मी कंपनीला न विचारता सांगेन.