विंडोज सर्व्हर सांभाळणाऱ्याने लिनक्स नेमकं कुठून सुरू करावं? (मदत हवी आहे)

रात्रपाळी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. विंडोज सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि मशीनची मध्यवर्ती यादी), ग्रुप पॉलिसी (तिच्यातून सगळीकडे लागणारी सेटिंग), हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) आणि पॉवरशेल हे माझं रोजचं काम. आता काही लिनक्स सर्व्हर माझ्याकडे येत आहेत, दोन वेब सर्व्हर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस. तिन्ही सेंटओएस ७ या लिनक्सवर आहेत. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, त्यामुळे ते हलवावेच लागतील.

बहुतेक कोर्स 'फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय' इथून सुरू होतात. डीएनएस, सबनेट, बॅकअप मला नव्याने शिकायचे नाहीत. कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्यावं, सरावाची मांडणी कशी करावी आणि विंडोजवाल्याची हमखास चूक कुठे होते, एवढं कोणी सांगेल का? हे सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनला जोडायचेही आहेत. आणि परीक्षा द्यावी की नको?

चाफा:
सेंटओएसवरूनच जायचं आहे तर रॉकी किंवा अल्मा घ्या. सेंटओएसप्रमाणेच दोन्ही रेड हॅट या लिनक्सशी सुसंगत आहेत, त्यामुळे तुमच्या सर्व्हरवरचं पॅकेजिंग, फायरवॉल, एसईलिनक्स (कोणत्या प्रोसेसने काय करावं याचे नियम लावणारी सुरक्षा) सगळं ओळखीचं राहील. उबुंटू उत्तम आहे, पण शिकणं आणि स्थलांतर एकाच वेळी चाललेलं असताना घराणं बदलू नका. खरं रेड हॅटच हवं असेल तर वैयक्तिक डेव्हलपर सदस्यत्वात १६ यंत्रणांपर्यंत ते मोफत मिळतं.

सराव हायपर-व्हीवरच करा. जनरेशन २ चं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), २ व्हर्च्युअल सीपीयू, ४ जीबी रॅम, २० जीबीची डिस्क, आणि एलव्हीएमच्या (डिस्कची जागा वाटण्याच्या व्यवस्थेच्या) सरावासाठी १० जीबीची दुसरी रिकामी डिस्क. पहिली ठेच इथेच लागते. सिक्युअर बूटचं (खात्रीच्या प्रणालीलाच सुरू होऊ देणाऱ्या सोयीचं) टेम्प्लेट 'मायक्रोसॉफ्ट विंडोज' असेल तर लिनक्सचा इन्स्टॉलर उठतच नाही. ते 'मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी' करा, सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. इन्स्टॉल मिनिमल करा, डेस्कटॉप टाकू नका. खिडक्या दिसल्या की हात जुन्याच सवयीने चालतो.

सेंटओएस ७ वरून रॉकी किंवा अल्मा ९ वर जागच्या जागी उडी मारू नका. नवा सर्व्हर उभा करा आणि डेटा हलवा. पोस्टग्रेसचं विशेष सांगते: डेटा डिरेक्टरी उचलून नव्या मशीनवर ठेवू नका. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७ आहे. २.२८ पासून अक्षरक्रम लावण्याचे नियम बदलले, त्यामुळे टेक्स्ट कॉलमवरचे जुने इंडेक्स (शोधसूची) नव्या मशीनवर चुकीच्या क्रमाचे ठरतात. एररही येत नाही. असलेली ओळ क्वेरीला सापडत नाही, किंवा युनिक कॉलममध्ये दुहेरी नोंद शिरते. पीजीडंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) काढून रिस्टोर केलं तर इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि हा प्रश्नच उरत नाही.

नदीकाठ:
डिस्ट्रोचं वर आलंच आहे. शिकण्याबद्दल माझं मत असं की कमांड पाठ करत बसू नका. एकच सेवा घ्या, ती मुद्दाम बिघडवा आणि कारण यंत्रणेकडूनच वदवून घ्या. विंडोजमध्ये तुम्ही रजिस्ट्री आणि इव्हेंट व्ह्यूअरकडे जाता. इथे सेटिंग '/ईटीसी' मधल्या साध्या फाइलींत असतं आणि कारण जर्नलमध्ये (यंत्रणेच्या नोंदवहीत). हे दोन रस्ते अंगवळणी पडले की बाकीचं मॅन पेज (कमांडचं माहितीपान) वाचून जमतं.

नमुन्यादाखल हा एक सराव. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) टाका आणि ८० ऐवजी ८०८५ पोर्ट द्या. सिंटॅक्स बरोबर असूनही सेवा सुरू होणार नाही. 'जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स' मध्ये दिसेल: बाइंड फेल, एरर १३, परमिशन डिनाइड. रूटला (सर्वाधिकारी युजरला) परवानगी नाकारली, हेच विंडोजवाल्याला पटत नाही. मग 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' चालवा. एसईलिनक्सने अडवल्याची नोंद तिथे स्पष्ट असते. उपाय: 'सेमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८०८५'. मिनिमल इन्स्टॉलमध्ये सेमॅनेज नसेल तर 'पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स' हे पॅकेज टाका.

सेवा उठली तरी बाहेरून पान दिसणार नाही, कारण फायरवॉलडी (लिनक्सचा फायरवॉल). 'फायरवॉल-सीएमडी' ला 'पर्मनंट' लावून पोर्ट उघडला तर तो रिलोड करेपर्यंत लागू होत नाही. 'पर्मनंट' न लावता उघडला तर लगेच चालतो, पण रीबूटमध्ये जातो.

आता वेबच्या फाइली होम फोल्डरमधून 'एमव्ही' ने वेब फोल्डरमध्ये हलवा. ४०३ (प्रवेश नाकारला) येईल, परवानग्या ६४४ (सगळ्यांना वाचता येणाऱ्या) असल्या तरी. 'एमव्ही' फाइलीचं जुनं एसईलिनक्स लेबल सोबत आणतं. 'सीपी' केलं असतं तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. 'एलएस -झेड' ने लेबल बघा, 'रिस्टोरकॉन -आरव्ही' ने दुरुस्त करा. इंटरनेटवर पहिला सल्ला एसईलिनक्स बंद करण्याचा मिळतो. तो कृपया ऐकू नका. तासाभराच्या सरावात हे कळतं आणि प्रॉडक्शनवर त्याचं संरक्षण खरंच हवं असतं.

सगळं चाललं की मशीन रीबूट करा. रीबूटनंतर जे टिकलं तेवढंच झालं असं धरा. 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू, 'एनेबल' म्हणजे बूटला सुरू. दोन्ही वेगळे आहेत. सेवेची फाइल बदलायची तर '/यूएसआर/लिब' मधली मूळ फाइल छेडू नका, अपडेटमध्ये बदल पुसला जातो. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. त्यात 'एक्झेकस्टार्ट' बदलताना आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ लिहायला लागते, नाहीतर दोन ओळी आहेत म्हणून सेवा नकार देते.

रात्रपाळी (धागाकर्ता):
दोघांचेही मनापासून आभार, आजच सुरू करतो. एक शंका आहे. एका वेब सर्व्हरवर 'डीएफ' (डिस्कची वापरलेली जागा) म्हणतो डिस्क ९८ टक्के भरली, पण 'डीयू' ची (फाइलींच्या आकाराची) बेरीज निम्मीही होत नाही. मोठे लॉग आधीच उडवलेत.

नदीकाठ:
लॉग उडवले म्हणूनच. विंडोजवर उघडी फाइल सहसा डिलीट होऊ देत नाही. इथे होते, पण नुसतं नाव जातं. प्रोसेसने फाइल धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही. 'एलएसओएफ +एल१' चालवा, डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली दिसतील. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी. पुढच्या वेळी लॉग डिलीट न करता 'ट्रंकेट -एस ०' ने रिकामा करा, आणि लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारी सोय) नीट लावा. 'डीएफ -आय' पण बघून घ्या. बारीक फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपले तर जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट' येतं. रूट विभाग वाढवायचा झाला तर 'एलव्हीएक्स्टेंड' ला 'आर' पर्याय द्या, फाइल सिस्टिमही सोबत वाढते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम मात्र लहान करता येत नाही, म्हणून सुरुवातीला सगळी जागा एकदम वाटून टाकू नका.

चाफा:
डोमेनचं राहिलं. लिनक्सचा डीएनएस डोमेन कंट्रोलरकडे वळवा, क्रोनीने वेळ जुळवा (५ मिनिटांपेक्षा जास्त फरक झाला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी पद्धत, तिकीट देत नाही), मग 'रेल्म जॉइन' ने डोमेनला जोडा. त्यानंतर 'रेल्म परमिट -जी' ने फक्त ॲडमिन गटाला प्रवेश द्या.

जोडणी झाली, 'आयडी' कमांड युजर दाखवते, पण एसएसएच (दुरून केलेलं) लॉगिन नाकारलं जातं, असं झालं तर ग्रुप पॉलिसी तपासा. एसएसएसडी (लिनक्सवर डोमेनचं लॉगिन हाताळणारी सेवा) लॉगिनच्या हक्कांपुरती ती पॉलिसी पाळतो आणि एसएसएचला रिमोट डेस्कटॉपच्या हक्काखाली मोजतो. आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) बंद करणारी पॉलिसी त्या ओयूवर (डोमेनमधल्या मशीनच्या गटावर) असेल तर एसएसएच पण बंद. लिनक्ससाठी वेगळं ओयू करा. बाकी सेटिंग ग्रुप पॉलिसीने जाणार नाहीत, त्यासाठी अनेक सर्व्हरना एकदम सेटिंग लावणारं अ‍ॅन्सिबल शिका.

परीक्षेचं म्हणाल तर आरएचसीएसए (रेड हॅटची ॲडमिन परीक्षा) प्रत्यक्ष मशीनवर असते, ३०० पैकी २१० ला पास. द्या किंवा देऊ नका, पण तिचा अभ्यासक्रम यादी म्हणून समोर ठेवा.

पॉवरशेलवरून आलात म्हणून अजून दोन गोष्टी. तिथे पाइपमधून ऑब्जेक्ट जातो, इथे मजकूर. शक्य तिथे 'आयपी -जे' किंवा 'जर्नलसीटीएल -ओ जेसन' वापरून जेक्यूकडे (जेसन वाचणाऱ्या कमांडकडे) द्या, ऑकने मजकूर कापण्याच्या कसरती वाचतील. आणि नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणाली तर ओळींच्या शेवटी विंडोजचं सीआर (ओळ संपल्याचं जादा अक्षर) राहिलेलं असतं. 'डॉस२युनिक्स' चालवा.

एसएसएचडीची (एसएसएच सेवेची) फाइल बदलताना 'एसएसएचडी -टी' ने तपासा, रीलोड करा, आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होईपर्यंत पहिलं सेशन बंद करू नका. एफएसटॅबलाही (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीलाही) तेच: 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए' झाल्याशिवाय रीबूट नको, नाहीतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये उभं राहतं आणि कन्सोल गाठावा लागतो.