ललिता पवारांचे चाहते कोण कोण? आपापले अनुभव लिहा

ललिता पवार म्हटलं की पुढचे शब्द ठरलेले : खाष्ट सासू. येवल्यात १९१६ साली जन्मलेली ही बाई मूकपटांत लहानपणीच आली आणि १९३०च्या दशकात नायिका झाली, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. आपल्याला ठाऊक असलेल्या ललिताबाई त्यानंतरच्या. माहिती सगळीकडे मिळते, ती नको. त्या तुमच्या घरात कशा शिरल्या ते सांगा.

लालबागची सून

आमच्या चाळीत माझ्या सासूबाईंना सगळा मजला पाठीमागे ‘ललिता पवार’ म्हणायचा आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं. टीव्ही मजल्यावर आमच्याकडेच, त्यामुळे रविवारी दूरदर्शनवर सिनेमा असला की दारापर्यंत बायका-पोरं. एकदा शांतारामबापूंचा ‘दहेज’ लागला. पडद्यावर सुनेचा छळ सुरू झाला तशा एकेक बाई तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घालून बसले. सासूबाई सुपात लसूण सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “काम चोख करते हो बाई. तिला त्याचे पैसे मिळतात, आपण मेल्या फुकट करतो.” सगळा मजला हसला, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी चहात साखर जास्त पडली म्हणून ओरडा बसला तो बसलाच.

पार्ल्याचा नातू

‘रामायण’, रविवार सकाळी साडेनऊ. आजी अंघोळ करून, टीव्हीला फूल वाहून बसायची. मंथरा आली की कडाकडा बोटं मोडायची आणि ती गेली की म्हणायची, “पुन्हा कधी दाखवतील हिला?” तेव्हा ललिताबाईंनी सत्तरी ओलांडली होती. कैकेयीच्या कानाशी लागतानाचे प्रसंग आजही बघा. भोवती सगळे संवाद म्हणताहेत, या एकट्या बोलताहेत. १९६१च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही मंथरा त्यांचीच होती, म्हणजे पाव शतकानंतर त्याच भूमिकेत त्याच बाई.

केळेवाली

‘श्री ४२०’मधल्या गंगामाईला विसरू नका. बाकी सगळ्यांना अनुमोदन.

एक शिक्षिका, ठाणे

लिहू की नको करत होते. काही वर्षांपूर्वी सकाळी चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. संध्याकाळपर्यंत अर्धा चेहरा ऐकेना. डोळा मिटत नव्हता, म्हणून रात्री थेंब घालून वर पट्टी चिकटवून झोपायचं. गाल फुगवणं, शिट्टी वाजवण्यासारखे ओठ करणं, भुवया उचलणं असा व्यायाम आरशासमोर रोज करायचा. शिट्टी काही वाजायची नाही, नुसती हवा. बघायला आलेल्या एका नातेवाईक बाई म्हणाल्या, “अगं, ललिता पवार झालीस की!” त्यांना वाईट बोलायचं नसावं. मला मात्र ते फार लागलं.

घरात पडून होते, म्हणून मग खरंच त्यांचे सिनेमे बघायला घेतले. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सुजाता’, ‘जंगली’. गोष्ट बाजूला ठेवून मी फक्त चेहरा बघायचे. एका डोळ्याने चालवून घेणारी, दिसू नये म्हणून धडपडणारी बाई मला कुठेच सापडली नाही. बारीक झालेला डोळा त्या आणखी बारीक करतात आणि समोरचा नट गप्प होतो! संशय, तिरस्कार, मत्सर, सगळं त्या एका कोपऱ्यातून येतं. पण तोच डोळा ‘अनाडी’त मायेने भरतो. हे व्यंगाचं भांडवल करणं म्हणावं तर म्हणा, मी त्याला कसब म्हणते.

माझा चेहरा बराचसा पूर्ववत झाला. हसले की डावा कोपरा किंचित मागे राहतो. वर्गात गेले तेव्हा पोरं दोन दिवस बघत राहिली, तिसऱ्या दिवशी गृहपाठ न आणण्याची कारणं सांगायला लागली.

वांद्र्याचा जुना भाडेकरू

वर ‘अनाडी’चं नाव आलं म्हणून. मी नोकरीला लागलो तेव्हा वांद्र्याला एका ख्रिस्ती आजींकडे खोली घेऊन राहायचो. भाडं दोन दिवस लांबलं की जिन्यातून बोंब. आणि त्याच संध्याकाळी दारात झाकलेली ताटली, आत मासे. विचारलं तर “मांजर खाणार होती” म्हणायच्या. ‘अनाडी’तली मिसेस डिसा मला सिनेमात नंतर भेटली, त्यामुळे राज कपूर घरमालकिणीशी वाद घालतो तेव्हा मला हसू आलं आणि ती भेसळीच्या औषधाने जाते तिथे बसवेना. त्या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअर मिळालं, ते उगाच नाही.

हौशी रंगभूमीवाली, दादर

सगळे सासू आणि आई इथेच फिरताय. ‘प्रोफेसर’ बघा, १९६२चा. करड्या शिस्तीची प्रौढ बाई म्हाताऱ्या मास्तरांच्या प्रेमात पडते, नटायला लागते, लाजायला लागते. ते म्हातारे मास्तर म्हणजे वेश पालटलेला शम्मी कपूर. प्रेक्षकांनी हसायचं म्हणून लिहिलेली भूमिका, पण मी हसता हसता अडखळले. त्या बाईची फजिती होणार हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. आमच्या तालमीत खलनायिका करणाऱ्या मुलींना मी हाच सिनेमा दाखवते.

धागाकर्ती

छान लिहिताय सगळे. ‘प्रोफेसर’ की ‘अनाडी’ यावर भांडायला माझी हरकत नाही, पण मराठी माणसांच्या धाग्यावर ‘रामशास्त्री’तल्या आनंदीबाईचं नाव अजून कुणीच काढू नये? १९४४चा प्रभातचा सिनेमा, समोर गजानन जागीरदार. कुणी थेटरात पाहिला असेल, किंवा आजी-आजोबांकडून त्याबद्दल ऐकलं असेल, तर लिहा. वाट बघतेय.