प्रतिसाद : निकाहआधी ओळख नसणं हेच कारण?

वर एका प्रतिसादात म्हटलंय की निकाहआधी मुलामुलीला सहवास मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षांत स्वभाव जुळणं अवघड जातं. मला हे अर्धंच पटतं. केली आणि कॉनली या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. 1930 च्या दशकात अमेरिकेत साखरपुडा झालेली 300 जोडपी त्यांनी पुढे अनेक दशकं तपासली. ही माणसं एकमेकांना ओळखत होती. तरीही दोघांपैकी कुणाचा चटकन बिथरणारा स्वभाव आणि नवऱ्याचा उतावळेपणा यांचा संसार बिघडण्याशी ठळक संबंध दिसला.

मुस्लिम जोडप्यांच्या बाबतीत मला जास्त खटकतं ते वेगळंच. निकाह हा करार आहे, त्यात संमतीने अटी लिहिता येतात : पुढचं शिक्षण, नोकरी, राहायचं कुठे. कोणती अट किती बंधनकारक यावर मजहबांमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या वेगवेगळ्या परंपरांमध्ये, मतभेद आहेत, मान्य. पण निदान बोलायची संधी तरी मिळते! आणि नेमकी तीच आपण मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम ठरवण्यात संपवतो. मग मुलगी सासरी गेल्यावर नोकरीचा विषय निघतो आणि तापट स्वभावाला निमित्त मिळतं.

कुरआनातल्या सूरह निसाच्या 35 व्या आयतीत दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय, तेही फूट पडण्याची भीती वाटताच. आपल्याकडे मोठी माणसं बसतात ती बहुतेकदा तलाकची भाषा सुरू झाल्यावर. नव्या जोडप्यांनी त्याआधीच, बिनसंकोच, दोघांनाही ऐकून घेतील अशी माणसं गाठावीत.