शब्दचर्चा : जुन्या रोमन नाण्यावर ‘गंज’ असतो का?

दमडी : रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांनी पाडलेल्या ब्राँझ नाण्यांच्या नोंदी मराठीत करायच्या आहेत. नमुन्याला एक मोठं नाणं घेऊ : अलेक्झांड्रिया, सम्राट अँटोनायनस पायस, ३३ मिमी, २१.६४ ग्रॅम. पॅटिना (जुन्या धातूवर चढलेला थर), डाय (ज्याने नाणं ठोकतात ते) आणि काउंटरमार्क (नाण्यावर नंतर मारलेली खूण) या तीन शब्दांवर गाडी अडते. ‘हिरवा गंज चढलेले नाणे’ असं लिहिलं तर वाचणारा ते घासायलाच घेईल.

ढब्बू : गंज लोखंडाचा. तांब्यापितळेला चढतो तो कळंक. त्याचं क्रियापदही घराघरात होतं : कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. ‘जंगाल’ हाही शब्द आहे, पण आता क्वचितच कानावर येतो. मोरचूद कुणी सुचवू नका, ते तांब्याचं सल्फेट. अडचण अशी की हे सगळे शब्द दोष सांगतात आणि संग्राहक तर पॅटिनाचेच जास्त पैसे मोजतो.

शिवराई : मग ‘कांती’?

ढब्बू : नको हो. कांती म्हटलं की चकाकी आली, आणि चकाकणारं अठराशे वर्षांचं ब्राँझ म्हणजे कुणीतरी चिंच लावलेलं ब्राँझ.

खुर्दा : शब्द ठरवण्याआधी वस्तू दोन आहेत हे लक्षात घ्या. धातूला लागून क्युप्राइटचा लालसर थर असतो आणि त्यावर बहुतेकदा मॅलकाइटचा हिरवा. अक्षरांच्या कडा, केसांच्या बटा या थरातच टिकलेल्या असतात. तो काढला की खाली मूळ नाणं सापडत नाही, गुलाबी, खडबडीत तांबं सापडतं. ही झाली पॅटिना. ती घट्ट, एकसंध असते आणि नखाने निघत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे ब्राँझ डिसीझ. जमिनीतल्या मिठामुळे थराखाली तांब्याचं क्लोराइड साचतं. दमट हवा लागली की त्यातून आम्ल सुटतं, ते ताज्या तांब्यावर जातं आणि पुन्हा क्लोराइड तयार होतं, म्हणून हे आपोआप थांबत नाही. दिसायला फिकट पोपटी भुकटी, टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यातून वर आलेली. काडीने टोकरली की पिठासारखी झडते. ‘कळंक’ हा शब्द या दुसऱ्या वस्तूला राखून ठेवावा असं माझं मत. पहिलीला सरळ ‘पॅटिना’ म्हणा आणि पुढे रंग-पोत लिहा : गडद हिरवी, गुळगुळीत, किंवा तपकिरी, रवाळ.

दमडी : पटलं. पण नुसतीच हिरवी माती चिकटलेली असेल तर?

खुर्दा : सुटे कण बाभळीच्या काट्याने किंवा लाकडी टोकाने काढा. पोलादी सुई चरे पाडते. मग झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवून नाणं त्याला न टेकवता दोन दिवस ठेवा. त्याच खड्ड्यातून पुन्हा पोपटी पीठ आलं तर कळंक. उपाय : भुकटी खरवडायची, नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं आणि पाणी वरचेवर बदलत राहायचं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. नंतर ॲसिटोनमध्ये बुडवून ओल काढायची, पूर्ण सुकवायचं आणि सिलिका जेलबरोबर बंद डबीत ठेवायचं. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर रोग झोपून राहतो. कोकणात जुलैमध्ये उघड्या ट्रेवर ठेवलेलं नाणं हमखास उठतं. बेंझोट्रायाझोल या तांबं राखणाऱ्या रसायनाचा लेप चांगला, पण ते विषारी आहे, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

आणि चिंच-मीठ तर मुळीच नाही. चिंच थर विरघळवते आणि मीठ नवीन क्लोराइड घालते. तांब्याच्या घागरीला चालतं, कारण घागर आठवड्याला घासायची असते.

शिवराई : पोपटी रंग फार सारखा, खोलगट जागीही तेवढाच दिसला तर ॲसिटोनचा कापूस आधी कडेला फिरवून पाहा. कापसावर हिरवं उतरलं तर तो लावलेला रंग आहे. त्याला मात्र ‘मुलामा’ म्हणायला हरकत नाही.

आता डाय. बऱ्याच नोंदींत ‘साचा’ दिसतो, ते चूक. साच्यात ओततात. नाणं ठोकतात ते ठशाने : एक ठसा खाली ऐरणीत बसवलेला, दुसरा वर हातात, मध्ये तापवलेली चकती, वरून हातोड्याचा घाव. नाण्यावर उमटते ती छाप. ‘साच्यातून काढलेले नाणे’ लिहिलंत तर जाणकार ते ओतीव, म्हणजे नकली समजेल. बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि साबणासारखी गुळगुळीत अक्षरं ही ओतीवची लक्षणं.

एक गफलत मात्र टाळा. चकत्या स्वतः ओतलेल्या असू शकतात. ज्यूडियात त्या एकमेकींना जोडलेल्या माळेत ओतून मग तोडत. त्यामुळे कडेला तुटलेली नाळ दिसली म्हणून नाणं खोटं ठरत नाही.

दमडी : माझ्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध छोटा खळगा आहे. कुणी टोचलं असेल का?

शिवराई : नाही. अलेक्झांड्रिया आणि बाल्कनमधल्या थ्रेस, मोएशिया प्रांतांच्या मोठ्या ब्राँझवर तो बऱ्याचदा असतो. चकती साफ करताना ज्या टोकांमध्ये ती धरत, त्यांची ती खूण असावी, असं मानलं जातं. ‘मध्यखळगा’ लिहा, ‘छिद्र’ नको, आणि दोषांच्या रकान्यात टाकू नका.

ढब्बू : काउंटरमार्कबद्दल. ‘पुनर्मुद्रांकन’ वापरू नका, तो शब्द आपल्याकडे अडकलेला आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा सापडला, त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली पूर्ण छाप पुन्हा उठवलेली. ते पुनर्मुद्रांकन. काउंटरमार्क म्हणजे जुनी छाप तशीच ठेवून एका जागी मारलेली बारीक खूण. त्याला साधं ‘शिक्का’ पुरतं : ‘मानेवर चौकोनी शिक्का’. खरा शिक्का जोरात बसतो, त्यामुळे उलट बाजूला नेमक्या त्याच जागी सपाटी येते. सपाटी नसेल, किंवा शिक्क्याच्या आतली पॅटिना बाहेरच्यापेक्षा वेगळी असेल, तर शंका घ्या.

दमडी : मग नोंद अशी : ‘अलेक्झांड्रिया, अँटोनायनस पायस, ब्राँझ द्राख्मा, वर्ष ८, इ.स. १४६. दर्शनी बाजू : सम्राटाचे मस्तक. मागील बाजू : धनुर्धारी नराश्व (धनू रास), वर गुरू व तारा. पॅटिना गडद हिरवी. दोन्ही बाजूंना मध्यखळगा. ठशांची दिशा १२. सुमारे २२ ग्रॅम.’

खुर्दा : गुरू धनू राशीचा स्वामी, हे आपल्या पंचांगवाल्यांनाही पटेल. पण साल चुकलं. अलेक्झांड्रियाचं वर्ष २९ ऑगस्टला सुरू होई. पायस १० जुलै १३८ला गादीवर आला, म्हणून त्याचं पहिलं वर्ष जेमतेम सात आठवड्यांचं आणि दुसरं १३८च्या ऑगस्टअखेरीसच सुरू. आठवं म्हणजे १४४-१४५. ‘ठशांची दिशा’ घड्याळात सांगतात हेही लिहा : दर्शनी चेहरा सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं आणि मागचं चित्र सरळच आलं तर १२, उलटं आलं तर ६.

आणि काट्यावर २१.६४ आलंय ना? मग ‘सुमारे २२’ कशाला?