आयोवा बार्नस्टॉर्मर्स: १९९५ चा संघ आणि आजचा संघ एकच धरायचा का?

पाटीपेन्सिल

मराठी विकिपीडियासाठी आयोवा बार्नस्टॉर्मर्सवर लेख लिहायला घेतला आहे. दे मॉइन शहराचा, छताखाली खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा हा व्यावसायिक संघ. एनएफएल या सर्वोच्च लीगच्या तुलनेत मायनर, म्हणजे दुय्यम लीगमधलाच, पण पुढे एनएफएल गाजवलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) कर्ट वॉर्नर इथूनच वर आला म्हणून नाव सगळीकडे दिसतं. तीन ठिकाणी अडले आहे.

स्थापना १९९५ अशी दिलेली असते आणि याच नावाचा संघ आजही खेळतो. मात्र २००१ मध्ये संघ न्यू यॉर्कला गेला असंही सापडतं. मग माहितीचौकटीत "१९९५ ते आजपर्यंत" लिहायचं की नाही?

दुसरं, १९९७ च्या मोसमात वॉर्नरचे १४ सामन्यांत ७९ टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपलीकडे पोचवून गुण देणारे पास) दिले आहेत. पुढे १९९९ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा त्याचा आकडा १६ सामन्यांत ४१ आहे. ७९ ही छपाईची चूक तर नाही?

तिसरं, दोन वर्षं सलग अंतिम फेरी गाठलेला, गावाने डोक्यावर घेतलेला संघ गेला का?

चौथा डाउन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. नाव एक, शहर एक, पण लीगमधली सदस्यत्वं तीन. अमेरिकेत मैदानावर दिसतो तो संघ आणि कागदावरचं सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मालक सदस्यत्व विकतो, नवा मालक ते दुसऱ्या शहरात नेतो, नाव मागे राहतं किंवा मरतं. बार्नस्टॉर्मर्सचं तसंच झालं.

पहिलं सदस्यत्व १९९५ ते २०००, एरिना फुटबॉल लीगमध्ये. मालक जिम फॉस्टर. हा माणूस आयोवाचाच आणि एरिना फुटबॉल हा खेळही त्यानेच काढलेला. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघता बघता त्याने पाकिटाच्या पाठीवर मैदानाचा आराखडा काढला. १९८६ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला चाचणी सामना झाला आणि १९८७ मध्ये लीग सुरू झाली. प्रशिक्षक आणला जॉन ग्रेगरी. त्याने १९८९ मध्ये सस्कॅचेवन रफरायडर्सना कॅनडाचा ग्रे कप जिंकून दिला होता. सामने व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये व्हायचे. लोक त्याला "द बार्न" म्हणत, म्हणजे गोठा किंवा कोठार. बार्नस्टॉर्मर म्हणजे १९२० च्या दशकात गावोगावी विमानाच्या कसरती दाखवत फिरणारे वैमानिक, म्हणून हेल्मेटवर वैमानिकाचा जाडजूड गॉगल रंगवलेला. नावातला हा दुहेरी धागा लेखात जरूर घ्या, मराठी वाचकाला तो आपोआप कळणार नाही.

१९९५ मध्ये ७ विजय ५ पराभव. १९९६ मध्ये १२-२ आणि एरिना बोल १० चा अंतिम सामना घरच्याच मैदानावर, टॅम्पा बे स्टॉर्मकडून ४२-३८ असा हरले. १९९७ मध्ये ११-३, पुन्हा अंतिम फेरी, या वेळी फिनिक्सला ॲरिझोना रॅटलर्सकडून ५५-३३. पहिल्या सहा वर्षांत विजेतेपद नाही, हे स्पष्ट लिहा. वॉर्नरच्या कीर्तीमुळे बऱ्याच जणांचा समज उलटा असतो.

हे सदस्यत्व चार्ल्स वांग यांनी घेतलं आणि २००१ पासून ते लाँग आयलंडच्या नासाउ कोलिझियममध्ये न्यू यॉर्क ड्रॅगन्स या नावाने खेळलं. एरिना लीगने २००९ चा मोसम रद्द केला तिथे ड्रॅगन्सही संपले. म्हणजे वॉर्नर ज्या सदस्यत्वाखाली खेळला त्याचा शेवटचा मोसम २००८, आणि तोही दे मॉइनमध्ये नाही.

दुसरं सदस्यत्व फक्त २००१ चं. एरिना लीगची दुय्यम लीग होती एएफ२, तिच्यात तेच नाव घेऊन एक मोसम. त्यानंतर २००२ ते २००७ काहीही नाही. तिसरं २००८ पासून. आधी एएफ२ मध्ये दोन वर्षं, मग पुन्हा उभ्या राहिलेल्या एरिना लीगमध्ये २०१० ते २०१४, आणि २०१५ पासून इंडोर फुटबॉल लीगमध्ये. जागाही बदलली, व्हेटरन्सऐवजी २००५ मध्ये उघडलेलं वेल्स फार्गो एरिना (२०२५ पासून त्याचं नाव केसीज सेंटर).

तेव्हा "१९९५ ते आजपर्यंत" असं सलग लिहू नका. "१९९५–२०००, २००१, २००८ पासून" असं तोडून लिहा.

आता तिसरा प्रश्न. संघ गेला तो प्रेक्षक कमी पडले म्हणून नव्हे. त्या काळात एरिना लीगचा मोसम उन्हाळ्यात असायचा, अंतिम सामना ऑगस्टमध्ये. ज्याच्या हाती आइस हॉकीचा संघ आणि त्याची इमारत आहे त्याला उन्हाळ्यात ती रिकामी ठेवणं परवडत नाही. वांग यांनी २००० मध्येच न्यू यॉर्क आयलंडर्स हा हॉकी संघ विकत घेतला होता, त्यांचं घरचं मैदान नासाउ कोलिझियम. शिवाय तोवर एनएफएलच्या मालकांना एरिना लीगमध्ये रस वाटू लागला होता आणि सदस्यत्वांना मोठ्या शहरातून मोठी किंमत येत होती. १९५५ चं सभागृह असलेलं दे मॉइन त्या बोलीत टिकणारं नव्हतं. गाव संघावर किती जीव लावतं याला या व्यवहारात भाव नसतो, आणि मला या इतिहासातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

मोजपट्टी

७९ हा आकडा बरोबर आहे. १९९५ मध्ये ४३, १९९६ मध्ये ६१, १९९७ मध्ये ७९, एकूण १८३. पहिला मोसम १२ सामन्यांचा, पुढचे दोन १४ चे. म्हणजे दर सामन्याला साधारण ३.६, मग ४.४, मग ५.६. चूक होते ती हा आकडा एनएफएलच्या शेजारी ठेवताना.

मैदान नजरेसमोर आणा. एनएफएलचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३⅓ यार्ड रुंद, दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन (गोलरेषेमागचे पट्टे). एरिनाचं ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद, एंड झोन ८ यार्डांचे. हे माप आइस हॉकीच्या रिंकवरून आलं आहे. रिंक २०० फूट बाय ८५ फूट. ५० यार्ड म्हणजे १५० फूट, त्यात दोन एंड झोनचे २४-२४ मिळवले की १९८. दोन्ही टोकांना एकेक फूट उरतो. बर्फावर किंवा काँक्रीटवर आच्छादन, त्यावर कृत्रिम गवताच्या गुंडाळ्या उलगडायच्या आणि कडेला रिंकच्या कठड्याला जाड फोमच्या गाद्या बांधायच्या, साधारण चार फूट उंच. रिंकचे कोपरे गोल असतात, त्यामुळे एंड झोनचे कोपरेही कापले जातात.

एंड झोन सोडून क्षेत्रफळ धरलं तर एरिनाचं मैदान एनएफएलच्या चौथाईपेक्षा थोडंसंच मोठं. खेळाडू मात्र ११ विरुद्ध ११ ऐवजी ८ विरुद्ध ८. एनएफएलमध्ये एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे २४२ चौरस यार्ड येतात, इथे सुमारे ८८. दाटी जास्त, पण गोलरेषा हाकेच्या अंतरावर. स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेवरून निघालं तरी ४० यार्डांत टचडाउन.

त्यात नियम हल्ल्याच्या बाजूने आहेत. पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणं, याला बंदी. चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या) एकतर प्रयत्न करा किंवा फील्ड गोल, म्हणजे गोलपोस्टमधून किक, मारा. एका रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच पुढच्या दिशेने धावत यायची मुभा असते, त्यामुळे चेंडू हलतो त्या क्षणी तो पूर्ण वेगात आणि समोरचा बचावपटू जागेवर. घड्याळ दोन्ही अर्धांच्या शेवटच्या मिनिटातच एनएफएलसारखं थांबतं, एरवी बहुतेक वेळ चालूच. तरीही चेंडू इतक्या वेळा हात बदलतो की ५०-६० गुण नेहमीचे.

आणि जाळी. या खेळाचा जीव तिच्यात आहे. गोलपोस्ट फक्त ९ फूट रुंद, आडवी दांडी १५ फुटांवर (एनएफएलमध्ये १८.५ फूट रुंद आणि १० फुटांवर). पोस्टच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच ताणलेल्या जाळ्या, खालची कड जमिनीपासून ८ फुटांवर. हुकलेली किक जाळीवर आपटून परत आली की चेंडू जिवंत. पासही जाळीवरून उडाला तर जमिनीला लागेपर्यंत झेलता येतो. मोठ्या मैदानावरून आलेले खेळाडू इथेच फसतात. सवयीने चेंडूमागे भिंतीपर्यंत पळतात आणि तो जाळीवरून उसळून त्यांच्या डोक्यावरून मागे जातो. किक परतवणाऱ्याने जाळीपासून काही पावलं पुढे उभं राहून, चेंडू किती उंचीवर लागतोय ते बघून जागा घ्यायची असते. वर लागला तर उतरायला वेळ लागतो, खाली लागला तर झटकन अंगावर येतो.

खेळाडूंच्या तक्त्यात एक काळजी घ्या. २००६ पर्यंत बहुतेकांना हल्ला आणि बचाव दोन्ही करावं लागे. क्वार्टरबॅक, किकर आणि मोजके खास खेळाडू सोडले तर रिसीव्हरच बचावात लाइनबॅकर किंवा डिफेन्सिव्ह बॅक असायचा. म्हणून जुन्या याद्यांत जागा तिरकी रेघ देऊन दोन लिहिलेल्या असतात. ती चूक समजून त्यातली एक खोडू नका.

पाटीपेन्सिल

दोघांचेही मनापासून आभार. क्षेत्रफळाच्या हिशोबाने ७९ चा उलगडा झाला. आता दोन शंका. २०१५ नंतरचे आकडे आणि १९९५–२००० चे आकडे "संघाचे विक्रम" म्हणून एका तक्त्यात चालतील का? आणि वॉर्नरबद्दल "किराणा दुकानातून थेट सुपर बोल" (एनएफएलचा अंतिम सामना) असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यात मधली वर्षं बसत नाहीत.

मोजपट्टी

नको, एका तक्त्यात नको. २०१५ पासूनच्या लीगमध्ये जाळीच नाही. फॉस्टरच्या खेळपद्धतीला २७ मार्च १९९० रोजी अमेरिकेचं पेटंट मिळालं होतं, आणि ते लागू होतं तोवर इतर इनडोअर लीगांचा खेळ जाळीशिवायच घडत गेला. इंडोर फुटबॉल लीग त्याच परंपरेतली. तिथे हुकलेली किक परत येत नाही, आणि पुढे धावत येणारे रिसीव्हर एकाऐवजी दोन चालतात. किकर आणि किक परतवणाऱ्यांचे आकडे तर पूर्णपणे वेगळ्या खेळाचे आहेत. लीगनिहाय तक्ते करा: एरिना लीग, एएफ२, पुन्हा एरिना लीग, इंडोर लीग.

दुसरी फळी

वॉर्नरचा क्रम असा लावा. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठ. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या सराव शिबिरात, तिथे क्वार्टरबॅकांच्या रांगेत त्याच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर, मोसमाआधीच वगळला. मग सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात रात्रपाळीत फळ्या भरायचं काम, तासाला साडेपाच डॉलर. १९९५ ते १९९७ बार्नस्टॉर्मर्स. १९९८ च्या वसंतात एनएफएल युरोपमध्ये ॲम्स्टरडॅम ॲडमिरल्स, त्याच वर्षी सेंट लुइस रॅम्सचा राखीव क्वार्टरबॅक. १९९९ च्या सराव सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि जागा मिळाली. ३० जानेवारी २००० रोजी सुपर बोल ३४, टेनेसी टायटन्सवर २३-१६, वॉर्नरचे पासने ४१४ यार्ड.

दुकान आणि सुपर बोल यांच्यामध्ये पाचेक वर्षं आहेत, त्यातली तीन दे मॉइनची. "थेट" हा शब्द काढा, नाहीतर तुमच्या लेखाचा विषय असलेला संघच गोष्टीतून गळतो. भिंती जवळ, मैदान चिंचोळं, बचावपटू एका ढांगेवर. तिथे चेंडू हातात ठेवून विचार करायला वेळ नसतो. निर्णय पटकन घ्यायचा आणि अरुंद फटीतून अचूक पास काढायचा हे वॉर्नरचं नंतरचं वैशिष्ट्य तिथेच घोटलं गेलं, असं माझं मत. लेखात मात्र ते मत म्हणूनच येऊ द्या.

चौथा डाउन

माहितीचौकटीतल्या "विजेतेपदे" या रकान्याबद्दल राहिलं होतं. तिथे एकच येईल: २०१८ चा युनायटेड बोल, म्हणजे इंडोर लीगचा अंतिम सामना, स्यू फॉल्स स्टॉर्मवर ४२-३. एरिना लीगखाली उपविजेतेपदं १९९६ आणि १९९७. वॉर्नरच्या जर्सीचा १३ क्रमांकही पहिल्या कालखंडाच्याच यादीत ठेवा.

पाटीपेन्सिल

तक्ते लीगनिहाय तोडले. २००२–२००७ ची ओळ काढून न टाकता "संघ नाही" असं लिहून ठेवली आहे, म्हणजे कुणी नंतर येऊन वर्षं जोडून टाकणार नाही. "थेट" काढला. मैदानाच्या मापांचा वेगळा परिच्छेद करतेय, त्यात १९८ फुटांचा हिशोब जसाच्या तसा घेते.