जपानला निघण्याआधी: तुमच्या घरी तयारी कशी झाली?

येन घसरल्यापासून ओळखीपाळखीतलं दर तिसरं घर जपानला जाऊन आलंय किंवा निघालंय. फुजीचे फोटो आणि चेरीचे बहर पाहून झाले, ते आता पुरे. इथे सांगायचं ते निघण्याआधीचं: बॅग, फोन, औषधं, तिकिटं, आणि मुळात जपान तुमच्या घरात शिरलं कुठून. कार्टूनमधून, कॅसियोच्या घड्याळातून की ऑफिसच्या प्रोजेक्टमधून? 'बघू की तिकडे गेल्यावर' हे आपलं लाडकं धोरण त्या देशात फारसं चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करते. व्हिसाच्या कागदांत बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न असणार हे धरलेलंच होतं. पण कुठल्या दिवशी कुठे असाल, रात्री कुठे राहाल, याचा दिवसवार तक्ताही द्यावा लागतो. त्यामुळे आमच्या घरातलं क्योतो की ओसाका हे भांडण निघण्याच्या कितीतरी आधी मिटवावं लागलं, त्याबद्दल मी त्या तक्त्याची ऋणी आहे. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू झाला आहे. म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला कागद नाही, सगळा कारभार फोनवर. यातली मेख नीट ऐका. तो व्हिसा इंटरनेट चालू ठेवून त्यांच्या साइटवरूनच उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत, काहीही चालत नाही. आमचे हे प्रत्येक गोष्टीच्या तीन झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवणारे. त्यांच्या आयुष्यभराच्या साधनेचा तिथे काही उपयोग झाला नाही. तेव्हा रोमिंग किंवा ई-सिम उतरल्याउतरल्या चालू होईल अशी सोय इथूनच करा आणि फोन पूर्ण चार्ज ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टमचे फॉर्मही 'व्हिजिट जपान वेब'वर आधी भरून क्यूआर कोड घेता येतो, तो घ्या.

• पुण्यातून, दोन मुलींचा बाबा

आमच्याकडे जपान आलं ते डोरेमॉनच्या पोटाच्या खिशातून. २००५ च्या सुमारास ते हिंदीत सुरू झालं, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि धाकट्या भावाच्या नावाखाली बघायचो. आता मुली बघतात. शिनचॅनमुळे दोघींच्या तोंडी जी भाषा आली तिचा हिशेब वेगळा.

मुलींच्या यादीत दोनच ठिकाणं होती, आणि दोन्हींची तिकिटं आयत्या वेळी दारात मिळत नाहीत. मिताकाच्या जिब्ली या कार्टूनपटांच्या स्टुडिओच्या संग्रहालयाची पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला तिथल्या सकाळी दहाला खुली होतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. घरात दोन लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन आम्ही चौघं चार कोपऱ्यांत. बायको म्हणाली, दहावीच्या निकालालाही एवढा जीव टांगणीला लागला नव्हता. धाकटीच्या फोनचा नंबर आधी लागला आणि दिवसभर तिने ते सगळ्यांना ऐकवलं.

तिकिटावर घेणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवाच. आत फोटो काढू देत नाहीत. आजच्या काळात ही मला फारच मोठी चैन वाटली. आत गेल्यावर हातात दुसरं तिकीट देतात, त्यात खऱ्या फिल्मच्या पट्टीचे तुकडे बसवलेले असतात. उजेडाकडे धरलं की चित्र दिसतं. कुणाला काय मिळेल सांगता येत नाही. मोठीच्या पट्टीत नुसतं आकाश निघालं, तिचा चेहरा उतरला. मग खिडकीशी धरल्यावर ढगांच्या कडेला एक इवलंसं विमान दिसलं आणि ती पट्टी घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू झाली.

डोरेमॉनचं म्हणजे त्याच्या चित्रकाराच्या नावाचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय कावासाकीत आहे. ३ सप्टेंबर २०११ ला ते उघडलं. गोष्टीत डोरेमॉनचा वाढदिवस ३ सप्टेंबर २११२ ला येतो, त्यावरून ती तारीख. नोबोरितो स्टेशनवरून चित्रांची बस सुटते. गच्चीवर गोष्टीतला, हवं तिथे नेणारा 'कुठेही दरवाजा' उभा आहे, त्यातून आरपार जायला मोठी माणसंच जास्त रांगेत होती. त्यांत मीही.

• सांगलीहून, वायरमनकीचा धंदा

माझा मुद्दा विजेचा. तिकडे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांची पिन. आपली तीन गोल पिनांची तिथे बसत नाही, तेव्हा साधा अडॅप्टर घ्या. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '१००–२४०' लिहिलेलं असतं, ते वाचा, मग काही चिंता नाही. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर मात्र घरीच ठेवा. आपल्या २३० व्होल्टची हजार वॅटची किटली तिथे दोनशे वॅटही देत नाही. पाणी उकळेपर्यंत गाडी चुकेल.

उलटं जास्त वाईट. पुतणीने तिथला राइस कुकर आणायचा ठरवलं होतं. तिला फोनवर सांगितलं की १०० व्होल्टचं यंत्र आपल्याकडे थेट लावलं तर पाचपटीहून जास्त वीज ओढणार, भात नाही, धूर होणार. अकिहाबारा या तोक्योतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या मोठ्या दुकानांत परदेशी लोकांसाठी २२०–२३० व्होल्टची मॉडेलं वेगळी मांडलेली असतात. तीच घ्या, मागची पट्टी वाचून.

आणि एक गंमत. एकाच देशात तोक्योकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात तोक्योने जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, आणि ते आजतागायत तसंच राहिलं. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला वीज कमी पडली, तरी पश्चिमेची वीज हवी तेवढी देता येईना, कारण मधे ती बदलून देणारी केंद्रं तोकडी. एवढा शिस्तीचा देश, पण हे राहूनच गेलं. मला बरं वाटलं.

• ठाण्याहून

ट्रेनसाठी पैसे भरून वापरायचं सुइका कार्ड फोनमध्ये घ्यावं की प्लास्टिकचं? माझा फोन अँड्रॉइड आहे. आणि रेल पास घ्यायचा का?

• तोक्योहून, निशी-कासाई

ठाणेकर, भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये सुइका चालणार नाही, त्याला लागणारी फेलिका सोय त्या फोनांत नसते. आयफोन असेल तर ८ पासून पुढच्यांत आहे. तुम्ही सरळ प्लास्टिकचं घ्या. चिपच्या टंचाईमुळे २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली होती, मार्च २०२५ पासून पुन्हा मिळतं. पाचशे येन अनामत. स्टेशनच्या यंत्रात किंवा कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीत (छोट्या दुकानात) रोख भरून चालवा, ट्रेनपासून चहाच्या बाटलीपर्यंत सगळीकडे चालतं.

रेल पास आता डोळे मिटून घ्यायची वस्तू राहिली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तोक्यो-क्योतो एका बाजूचं शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट चौदा हजार येनच्या आसपास. जाऊन-येऊन एवढंच करणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. पाहुणे येतात, पास घेऊन येतात आणि तो वसूल करायला मग उगाच हिरोशिमापर्यंत पळतात.

मोठी बॅग घेऊन गाडीत चढू नका. लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर शिन्कान्सेनमध्ये त्यासाठी जागा आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा 'ताक्क्युबिन' या पार्सल सेवेने बॅग हॉटेलवरून पुढच्या हॉटेलवर पाठवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचते. आमच्या सासूबाईंचा यावर विश्वास बसेना. पर्स, औषधं आणि चिवड्याचा डबा त्यांनी जवळच ठेवला. बॅग आमच्या आधी पोचली होती.

आणि देवदर्शन हवं असेल तर आसाकुसाला सगळे जातातच, तिथून थोडं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. आपल्या गणपतीचं तिकडचं रूप, कांगितेन. मूर्ती दाखवत नाहीत. मोदकाऐवजी पांढराशुभ्र मोठा मुळा वाहतात, तिथेच विकतही मिळतो. पहिल्यांदा गेले तेव्हा हातात दुर्वा नाहीत आणि वीतभर मुळा, मला हसूच आवरेना. आता परीक्षा असली की मुलगा स्वतःच म्हणतो, आई, मुळा वाहून येऊ.

• मिरजेहून, निवृत्त शिक्षिका

सून सांगत होती, आई, तिकडे सगळं मिळतं. मिळतं ग बाई, पण त्यात मासा असतो. नुसतं टोफू घातलेलं सूप मागवलं तरी त्याचं पाणी बहुतेक बोनितो माशाच्या कीसाचं, दाशी म्हणतात. 'मी व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. मटण-चिकन काढतात आणि दाशी तशीच राहते, त्यांच्या मनात ते येतही नाही. म्हणून नातवाकडून मासे, दाशी, मांस, अंडं चालत नाही असं जपानीत लिहिलेलं कार्ड करून घेतलं. दुकानातलं खाऊचं पाकीट असेल तर फोनचा कॅमेरा धरून घटक वाचायला शिकले. या वयात ते शिकले याचं नातवाला फार कौतुक.

बरोबर नेलं ते असं: दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी ओतलं की होणारे पोहे आणि उपमा. हॉटेलच्या खोलीत किटली असते. ओली फळं, भाजी, मांस काही नेऊ नका, कस्टमवाले काढून घेतात. कुंडीतला कढीपत्ता शेजारणीने दिला होता, तो मी फोडणीत परतून चटणीतच घातला.

औषधांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. महिनाभराची औषधं चालतात, त्याहून जास्त हवी असतील तर 'युन्यु काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यावं लागतं. आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्दीची काही औषधं तिथे बंद आहेत, स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं तर नाहीच. पाकिटासकट न्या, सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नको, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या.

• नागपूरहून

तुमच्या सगळ्यांकडे जपान टीव्हीतून आलं, आमच्याकडे ते दीक्षाभूमीवर भेटलं. भदंत सुरई ससाईंना लहानपणापासून बघत आलोय, जपानात जन्मलेला माणूस नागपूरचाच झाला. शिवाय कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार. त्यामुळे आमच्या तक्त्यात अकिहाबारा नव्हतं, कोयासान हे डोंगरावरचं मठांचं गाव होतं.

तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. ओसाकाहून गाडीने गोकुराकुबाशी, पुढे केबल कारने डोंगर चढायचा, वर बस. राहायला मठातच खोल्या मिळतात, आधी नोंदवून. जेवण शोजिन र्योरी, भिक्षूंचं, दाशीसुद्धा समुद्री वनस्पतीची. मिरजेच्या बाईंनी तिथे जायलाच हवं. रात्रीचं जेवण मात्र दिवस असतानाच उरकतात, तेव्हा उशिरा पोचू नका. रोख पैसे ठेवा. आणि थंडी डोंगरावरची आहे, नागपूरच्या स्वेटरवर विसंबू नका.

वडिलांनी पुतळ्यासमोर कुठलाच फोटो काढू दिला नाही. आधी वंदना, मग फोटो, आणि वंदना सावकाश.

• रत्नागिरीहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

स्लॅम डंक या बास्केटबॉलच्या कार्टूनमधलं रेल्वे फाटक! कामाकुराकोको-माए स्टेशन, एनोदेन या छोट्या रेल्वेची हिरवी गाडी, मागे समुद्र. गर्दी आवरायला माणसं नेमली आहेत, रस्त्यात उभं राहू देत नाहीत. बाबा म्हणाले, समुद्र आणि रूळ बघायला एवढ्या लांब? भाट्याला नेलं असतं. (गाडी आल्यावर पहिला फोन बाबांचाच वर.)

गाचापोन यंत्रांसाठी शंभर येनची नाणी साठवा. बहुतेकदा तीनशेपासून पुढे लागतात आणि हवं ते खेळणं कधीच येत नाही. माझ्याकडे एकसारख्या तीन मांजरी आहेत, कुणाला हवी?

पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका हे माहीत असेलच. जुलै २०२५ पासून तिथल्या विमान कंपन्या ती डोक्यावरच्या कप्प्यातही नको, जवळ ठेवा, असं सांगतात.

• डोंबिवलीहून

मी गेलेली नाही आणि इतक्यात जाणारही नाही. घरचं कर्ज आहे, मुलगा बारावीत. पण रोज रात्री भांडी झाली की जपानच्या स्टेशनांवर नुसतं चालत जाणारे व्हिडिओ लावते. बोलणं नाही, संगीत नाही, छत्र्या आणि पावलं. शिंजुकूच्या स्टेशनात कुठून कुठे बाहेर पडायचं हे मला गेलेल्यांपेक्षा बरं ठाऊक असेल. नवरा चिडवतो, आपलं कल्याणचं स्टेशन बघ, फुकट आहे.

तरी तयारी म्हणाल तर झालीय. हिराकाना ही जपानी लिपी येते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक हजार येनची नोट आहे, भाच्याने दिलेली, जुलै २०२४ ची नवी मालिका, मागे होकुसाई या चित्रकाराची लाट. भाचा म्हणत होता, जुन्या रामेनच्या दुकानांतली तिकीट यंत्रं या नोटा घेत नव्हती. माझी कुठे खर्चायची आहे आत्ता.

निशी-कासाईच्या ताई, एक विचारू? तिकडे गणपतीत मोदकाची पिठी मिळते का, की इथून नेतात?

• तोक्योहून, निशी-कासाई

मिळते हो ताई, तांदळाची पिठी इथल्या भारतीय दुकानांतून मिळते, नारळही मिळतो. या भागात २००० च्या सुमारास आयटीवाले आले ते राहिलेच. २०१९ मध्ये तर एदोगावा वॉर्डच्या सभेवर आपल्यातले पुराणिक निवडून गेले. मिळत नाही ते सुगंधी उटणं, गूळपापडीचा चांगला गूळ आणि गोडा मसाला. तुम्ही याल तेव्हा आणा, तोवर ठाणेकर निघालेच आहेत, त्यांच्या बॅगेत जागा आहे का विचारते. ठाणेकर, १६० सेंटिमीटरच्या आत हं.